मनात अढी असताना पोथी वाचायची का? (गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वर यात्रेच्या, आधी उत्तर हवंय)

भाकरीवाली_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. विषय घरगुती आहे, पण घरात ज्याच्याशी बोलावं तो प्रत्येक जण यात अडकलेला आहे, म्हणून इथं लिहिते. लांबेल, आधीच सांगते.

माझा घरूनच कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा व्यवसाय आहे. मदतीला दोघी जणी येतात. पहाटे पाचला तवे चढतात. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडीच घेते, दुसऱ्या ज्वारीची भाकरी एवढी पातळ थापली की कडेनं चिरते. भाजून झाली की मंद आचेवर ठेवून कडक करायची, आणि हे काम घाईनं होत नाही. मध्यभागी जरा ओल राहिली तर वरून कळत नाही, चार दिवसांनी पाकिटात बुरशी धरते आणि दुकानदार अख्खा माल परत पाठवतो. त्यामुळं तिथून उठता येत नाही आणि हाताला कामही नसतं. हीच माझी वाचनाची वेळ. पाटावर बसून ज्ञानेश्वरी वाचते. प्रत सासऱ्यांची आहे, समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

आता मूळ गोष्ट. सासरे गेले तेव्हा तेराव्याला सगळे जमले होते. बार्शीचे, अक्कलकोटचे, पुण्याचे. जेवणं उरकल्यावर दागिन्यांचा विषय निघाला. सासूबाईंच्या पाटल्या सापडत नव्हत्या. आमच्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, पानाचा विडा लावता लावता म्हणाल्या, "दुखण्यात कपाटाची किल्ली कुणाकडं होती, ते विचारा की." किल्ली माझ्याकडं होती. त्यांनी नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

पाटल्या पुढं सापडल्या. सासऱ्यांनीच दवाखान्याच्या खर्चासाठी गुपचूप गहाण ठेवल्या होत्या. सोनेतारणाची पावती निघाली ती आक्कांच्याच घरात, सासऱ्यांच्या एका जुन्या पिशवीत. आक्का दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "झालं गेलं सोडून दे, माझ्या मनात तसं काही नव्हतं." चहा घेतला आणि गेल्या.

म्हणजे आरोप भरल्या घरात झाला आणि खुलासा झाला ओट्यापाशी, दोघींत. बार्शीच्या आत्तेसासूबाई अजून मी शेजारी बसले की पर्स मांडीवर ओढून घेतात. त्यांना पावतीचं कुणी सांगितलेलंच नाही.

आमचा अबोला नाही. सणावारी जाणं-येणं आहे, पदार्थांची देवाणघेवाण आहे. पण आक्कांचा फोन आला की माझ्या पोटात कालवतं, आणि इतका काळ गेला तरी ते कमी होत नाही. सासूबाई आता थकल्यात, त्या आक्कांकडं उत्तर कसब्यात राहतात. यंदा त्यांची इच्छा आहे की गड्ड्यात अक्षतेला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नाला, दोन्ही सुना सोबत असाव्यात, आणि भोगीचं जेवण आक्कांकडं व्हावं. पाहुणे तेच, तेराव्याचेच.

त्यात आमच्या गुरुवारच्या भजनी मंडळातल्या एक बाई परवा म्हणाल्या, "एवढी पोथी वाचतेस आणि जावेबद्दल मनात अढी? मन निर्मळ होईपर्यंत पोथी मिटून ठेव. नुसतं वाचून काय उपयोग?" ते वाक्य डोक्यातून जाईना. नेमका तेरावा अध्याय चालू आहे, त्यात क्षमेशी येऊन मी थांबले. पान उलटवत नाही. दोन दिवस नुसता विस्तव बघत बसले.

तर प्रश्न असे. मनात राग असताना वाचणं ढोंग आहे का? आणि समोरच्यानं चारचौघांत केलेलं चारचौघांत निस्तरलं नाही, तरी आपण माफ केलं असं म्हणायचं का? तिसरं म्हणजे, हा आमचा ऐन सीझन, हुरड्याच्या ऑर्डरी, भोगीला बाजरीच्या भाकरीची मागणी. एक दिवस तिकडं गेला की इकडचं कोसळतं. हे कारण खरं आहे, पण मी ते पुढं करतेय का, तेही मला कळेनासं झालंय.

रामकृष्णहरी_५८

ताई, राग माणसाला आतून खातो. मोठ्या मनानं माफ करून टाका. आपलं मन शांत तर जग शांत. पांडुरंग सगळं बघतोय. जय हरी.

स्पष्टबोल

वरच्या काकांचा मान ठेवून सांगतो, "माफ करून टाका" हे पाटल्या न हरवलेल्या माणसाला सोपं असतं.

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. त्यात आक्का आहेत, सासूबाई आहेत, बार्शीच्या आत्या आहेत, मंडळातल्या बाई आहेत. तुमचे मिस्टर कुठं आहेत? तेराव्याला त्यांची आई, त्यांचे वडील, त्यांचा भाऊ, त्यांच्या आत्या. आणि सगळ्या माना तुमच्याकडं वळल्या तेव्हा ते काय करत होते? पावती सापडल्यावर आत्यांना एक फोन करायला त्यांना कुणी अडवलं होतं? दोन भावांनी गप्प बसायचं आणि दोन सुनांनी क्षमा, शांती, पोथी करत बसायचं, हे आपल्याकडं फार चालतं.

पोथीचं मला कळत नाही, त्यावर बोलत नाही.

भाकरीवाली_जुळेसोलापूर

@स्पष्टबोल, खरं सांगायचं तर ते मागच्या खोलीत पाहुण्यांच्या गाडीचं बघत होते. नंतर म्हणाले, "वहिनींचा स्वभावच तसा, तू मनावर घेऊ नको." माणूस चांगला आहे हो. पण भावाशी वाद नको म्हणून गप्प राहतो. हे मी आजवर त्यांच्याशी बोललेले नाही, तुम्ही विचारलंत तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

श्राविका_सोलापूर

ताई, मी इथलीच, दिगंबर जैन. आमच्याकडं भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दहा दिवसांचं दशलक्षण पर्व असतं आणि त्यातला पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. पर्व अनंत चतुर्दशीला संपतं, मग क्षमावाणी. त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. लहान-मोठं बघायचं नाही, चूक कुणाची होती तेही नाही.

बाहेरून हे छान दिसतं, पण आतलं सांगते. हल्ली त्या दिवशी मोबाईलवर हात जोडलेली चित्रं येतात, दोनशे लोकांना एका बोटानं जातात. ज्याच्याशी खरंच बिनसलंय तो बहुतेक त्या यादीत असतो, पण त्याच्याकडं पाय वळत नाहीत. माझ्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्या चित्र पाठवत नाहीत. ज्यांच्याशी वर्षभरात वाजलंय त्यांच्याच घरी आधी जातात, आणि मोघम काही म्हणत नाहीत. "दिवाळीत तुझ्या लेकीच्या लग्नावरून मी बोलले, ते बोलायला नको होतं," असं गोष्टीचं नाव घेऊन सांगतात. एकदा माझ्यासमोर समोरची बाई म्हणाली, "अहो, मला आठवतही नाही." सासूबाई म्हणाल्या, "मला आठवतंय ना." परत येताना रिक्षात मात्र त्या बाईच्या नावानं पुटपुटत होत्या, तेही सांगून टाकते.

आमच्यात तिथी ठरलेली असते याचा एक फायदा आहे. आधी कुणी जायचं हा प्रश्न उरत नाही, सगळेच जातात. तुमच्या आक्कांना अशी तिथी नव्हती, त्यांनी आपली वेळ काढली आणि गोष्टीचं नावच घेतलं नाही. "मनात तसं नव्हतं" ही क्षमा मागणं नव्हेच, तो स्वतःच्या बाजूचा खुलासा झाला. तुम्हाला ती पोचली नाही तर नवल नाही.

पण दुसऱ्या बाजूनं बघा. क्षमा करायला त्यांचं मागणं लागत नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय आणि मला ते पटतं. मनातलं वैर सोडणं हे तुमचं काम, ते तुम्ही आज करू शकता किंवा दहा वर्षांनी. बार्शीच्या आत्यांना खरं कळणं हे वेगळं काम आहे. ते क्षमेच्या आड येत नाही. पहिलं झालं म्हणून दुसरं सोडून द्यायचं, असं कुठल्याही धर्मात सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

नंदीध्वज_सेवेकरी

आक्का, नमस्कार. (तुम्हाला पण आक्काच म्हणतो, रागावू नका.) मी बाळीवेसचा. नंदीध्वजाच्या, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठीच्या, सेवेत आमचं घर पहिल्यापासून आहे. यंदाचा सराव चालू झालाय, रात्री घरी यायला उशीर होतो म्हणून आत्ता लिहालोय.

मला शास्त्र कळत नाही. पण तुम्ही अक्षतेला जाणार म्हणालात म्हणून एक बोलतो. सिद्धरामेश्वरांची कथा तुम्हाला माहीत असणारच, तरी परत आठवा. कुंभाराच्या लेकीनं त्यांच्याशी लग्न करायचं मनात धरलं. महाराज तर योगी, लग्न करणार नव्हते. हो म्हणता येईना, पण तिला तोडून टाकलं का? नाही. माझ्या योगदंडाशी लग्न लाव म्हणाले. हो पण नाही, नाही पण नाही. आठशे-नऊशे वर्षं झाली, आपण त्याच लग्नाच्या अक्षता टाकालोय. तुम्हाला पण आक्कांना मिठी मारायची गरज नाही आणि घर तोडायची पण नाही. मधला योगदंड काय तो तुम्ही शोधा.

आणि दुसरं म्हणजे ते लग्न कुठं लागतं? सम्मती कट्ट्यावर. तळ्याच्या काठाला लाखभर माणूस उभं असतं, सम्मती, म्हणजे लग्नाच्या होकाराचं वचन, वाचली जाते, सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम झालं की मगच अक्षता पडतात. आपल्या गावात देवाचं लग्नसुद्धा चारचौघांत वाचून दाखवल्याशिवाय लागत नाही. मग तुमचा खुलासा ओट्यापाशी का म्हणून? तुम्ही मागताय ते जास्तीचं नाही की ओ.

स्पष्टबोल दादा बोलले ते बरोबर आहे. नंदीध्वज बघणाऱ्याला वाटतं एकच माणूस पेलतोय. शेजारी चार जण हात तयार ठेवून चालत असतात. त्याचा दम गेला की न बोलता पुढचा घेतो. मान घराण्याचा असला तरी महिनाभर सराव केल्याशिवाय आमच्यात पण कुणी हात लावत नाही. तुम्ही इतकी वर्षं ही काठी एकट्या पेलून चाललाय. दाजींना सांगा, हात लावा म्हणून.

निवृत्त_मास्तर_अक्कलकोट

भाकरीवाल्या ताईंनी पोथीचं विचारलं आणि त्यावर अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही तेराव्यात थांबलात. बारावा ओलांडून आलात ना? भक्ताची लक्षणं सांगताना गीतेनं बाराव्यातच तेराव्या श्लोकात "क्षमी" म्हटलंय. तिथं अडखळला नाहीत. म्हणजे अडचण पोथीची नाही, मंडळातल्या बाईंच्या वाक्याची आहे.

आता तेराव्याबद्दल. ज्ञानाची लक्षणं सांगणारा गीतेचा श्लोक आहे, त्यात अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, मग क्षांती आणि आर्जव, असं एका ओळीत येतं. गीतेत प्रत्येकाला एकेक शब्द. पण ज्ञानेश्वरीत बघा, अहिंसेवर माउली शंभराहून जास्त ओव्या थांबतात. पाय कसा टाकावा, नजर कशी असावी, बोलणं कसं असावं, सगळं. बोलण्यातून होणारी हिंसा त्यांनी तिथंच घेतलीय. आणि क्षमेशी आल्यावर त्या मानानं थोडक्यात आटोपतात. मी शाळेत असताना मला हे उलटं वाटायचं, क्षमा मोठी ना? आता वाटतं, क्रम बरोबर आहे. आधी माणसानं दुसऱ्याला लागेल असं बोलू नये, यावर सगळा जोर. तो जोर सोडून ज्याला लागलं त्यालाच क्षमेचा धडा द्यायचा, ही आपली सोय आहे, ग्रंथाची नव्हे.

तुमच्या बाईंना सांगा की ती अहिंसा त्यांनीही एकदा वाचावी. (हे भांडणासाठी नाही. बरं, थोडंसं आहे.)

मन निर्मळ झाल्यावर पोथी वाचायची असेल तर मग कुणीच वाचायची नाही. आंघोळीला जाताना कुणी आधी अंग स्वच्छ करून जात नाही. वाचा. मात्र एक करा, रोज अमुक ओव्या झाल्याच पाहिजेत हा हिशेब काही दिवस ठेवू नका. एकच ओवी घ्या, अर्थ लागला नाही तर दुसऱ्या दिवशी तीच. शके १२१२ मध्ये सांगितलेला ग्रंथ आहे, तुमच्यासाठी आठवडाभर थांबेल. सासऱ्यांच्या खुणा कुठं आहेत तेही बघा. आजारपणात पाटल्या गहाण ठेवून कुणाला न सांगणारा माणूस काय अधोरेखित करत होता, याची मला उत्सुकता आहे.

पुण्यात_पण_सोलापूरची

मला एकच विचारायचंय. भोगीचं जेवण आक्कांकडं, मग बाजरीच्या भाकऱ्या कोण करणार? तीळ लावून थापायला तुम्हालाच बसवणार ना? तसं असेल तर सीझन ही सबब नाही, खरंच नुकसान आहे. आधीच सांगा, "भाकऱ्या मी घरून करून आणते, तिथं बसणार नाही." भाजी आक्का करतील. चुलीपुढं पाठ करून बसलं की मागं कोण काय बोलतंय याचाच विचार डोक्यात राहतो, माझा अनुभव आहे. जेवायला सगळ्यांसोबत पंगतीत बसा.

भाकरीवाली_जुळेसोलापूर

सगळ्यांना एकदमच उत्तर देते. मधले दिवस ऑर्डरीत गेले.

@पुण्यात_पण_सोलापूरची, तुम्ही कसं ओळखलंत! आक्कांनी फोनवर हेच सांगितलं होतं, "भाकऱ्या तूच कर, तुझ्या हातची चव." काल सांगून टाकलं, करून आणते. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, बरं.

@मास्तर, खुणा बघितल्या. अहिंसेच्या ओव्यांपाशी बऱ्याच आहेत. क्षमेपाशी एक, तीही उभी रेघ, अधोरेखन नाही. नवव्या अध्यायात मात्र एका पानावर दूधवाल्याचा हिशेब आहे. त्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची. मी परत सुरू केलंय, तुम्ही सांगितलं तसं, एक ओवी. मंडळात गुरुवारी गेले, पण बाईंना काही बोलले नाही. अहिंसा वाचत होते ना!

@श्राविका, तुमच्या सासूबाई रिक्षात पुटपुटत होत्या हे वाचून मला फार हलकं वाटलं, खरं सांगते.

@सेवेकरी दादा आणि @स्पष्टबोल, रात्री जेवताना ह्यांना विचारलं. भांडले नाही, नुसतं विचारलं, की त्या दिवशी तुम्ही कुठं होता. बराच वेळ ताटातली चटणी बोटानं सारखी करत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, सापडल्या म्हणजे मिटलं." सकाळी अंगणात जाऊन बार्शीला फोन लावला. मला ऐकू येत होतं. आत्यांना पावतीचं, गहाणाचं, पिशवीचं, सगळं नीट सांगितलं. आत्यांचं उत्तर काय असावं? "अरे, मला कुठं काय वाटलं होतं!" ह्यांनी फोन ठेवल्यावर आम्ही दोघंही हसलो, हसण्यासारखं नव्हतं तरी.

स्पष्टबोल

दाजींना मानलं. पण आक्का? त्या पंगतीत स्वतःच्या तोंडानं काही म्हणणार आहेत का?

भाकरीवाली_जुळेसोलापूर

वाटत नाही. ह्यांनी भावालाही सांगितलंय, ते "बघू" म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि माझ्या पोटात कालवायचं थांबलंय का, तर नाही. आधीपेक्षा कमी झालं असेल, एवढंच.

अक्षतेला मात्र जातेय. सासूबाईंना इतकं चालवत नाही, म्हणून सेवेकरी दादा, तुम्हाला विचारायचं होतं, म्हातारं माणूस घेऊन यायचं तर कुठल्या बाजूनं यावं?

नंदीध्वज_सेवेकरी

आक्का, मिरवणुकीच्या मागं लागून दत्त चौकातून, विजापूर वेशीतून अजिबात आणू नका, चेंगरायला होतं. नंदीध्वज पोचायच्या बरंच आधी येऊन जागा धरा. एक घडीचं स्टूल आणा, पाण्याची बाटली आणा, आणि डोक्यावर पदर असला तरी वर टॉवेल ठेवा, जानेवारी असला तरी सोलापूरचं दुपारचं ऊन आहे. सुटल्यावर लगेच उठू नका, गर्दी पांगू द्या. आजींच्या एका बाजूला तुम्ही धरा, दुसऱ्या बाजूला तुमच्या आक्कांना धरू द्या. बोलणं निघालं तर निघेल, तसं त्या गोंगाटात एकमेकांचं काय ऐकू येत नाही.